सात म्हणजे सात

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. खालच्या मजल्यावरच्या काकांना अर्धांगवायूचा झटका आला, उजवी बाजू गेली, वाचा गेली. काकू एकट्या, मुलगा न्यू जर्सीत. इमारतीच्या ग्रुपवर कुणीतरी अकरा दिवसांत सव्वा लाख महामृत्युंजय जपाची घोषणा करून टाकली आणि हिशेब ठेवायचं काम तुझ्या गळ्यात पडलं. आता तू विचारतोस की याने काही होतं का, की आपल्याला दुसरं काही सुचत नाही म्हणून हे सगळं चाललंय. वर प्रार्थनेचा रुग्णांना फायदा होतो का हे मोजणारा तो अमेरिकेतला अभ्यासही जोडलास. तुझं मन चांगलं आहे वगैरे मी लिहीत बसत नाही. ते नसतं तर पत्रच आलं नसतं.

आधी त्या सव्वा लाखाचा हिशेब करू, कारण तो कुणीच केलेला दिसत नाही. माळेत १०८ मणी असतात, पण मोजताना माळ शंभराची धरतात. वरचे आठ चुकल्यामाकल्याचे. म्हणजे १,२५० माळा झाल्या. मंत्र नीट उच्चारायचा तर बारा ते पंधरा सेकंद लागतात. एका माळेला पंचवीस मिनिटं धर. एकूण जवळजवळ ५२० तास होतात. अकरा दिवसांत वाटले तर रोजचे सत्तेचाळीस. ग्रुपवर हात जोडलेली चित्रं टाकणारे वीस जण खरोखर बसले, तरी प्रत्येकाच्या वाट्याला रोज दोन तास वीस मिनिटं येतात. नोकरी, लोकल, मुलांचा अभ्यास सांभाळून हे किती दिवस चालेल? दोन दिवस. तिसऱ्या दिवसापासून मंत्र ‘त्र्यंबकं’वरून थेट ‘मामृतात्’वर उडी मारेल, माळा अंदाजाने सांगितल्या जातील, आणि तुझ्या तक्त्यात जे आकडे चढतील ते तुलाही खरे वाटणार नाहीत. मग अकराव्या दिवशी काकूंना सांगणार, ‘संकल्प पूर्ण झाला.’ दुःखात बसलेल्या बाईला खोटं सांगायचं, तेही देवाच्या नावाने! ते काम तू घेऊ नकोस. तक्ता आजच परत कर. कुणी रागावलं तर रागावू दे.

त्याऐवजी काय करायचं ते सांगते. नेम छोटा धरायचा, आणि धरला की मोडायचा नाही. रोज संध्याकाळी सात वाजता, वीस मिनिटं, एकवीस दिवस. सात म्हणजे सात. सव्वासात नाही, ‘सगळे जमले की’ नाही. तिघं असले तरी सुरू करायचं, एकटा असलास तरी सुरू करायचं.

वेळेबाबत मी कठोर आहे हे मला माहीत आहे. त्यामुळे काही चांगली माणसं दुरावली, त्याची खंतही आहे. तरी हा हट्ट मी सोडणार नाही. काकू त्या वेळी आयसीयूच्या बाहेर प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेल्या असतात. आत काय चाललंय ते कळत नाही, डॉक्टर कधी येतील ते कळत नाही, घरी परत कधी जायचं तेही कळत नाही. त्यांच्या दिवसात ठरलेली म्हणून एकही गोष्ट उरलेली नाही. घड्याळात सात वाजले की आपल्या इमारतीत पाच माणसं आपल्या माणसाचं नाव घेऊन बसलीत, एवढं एक त्यांना नक्की माहीत असलं पाहिजे. तुम्ही कधी सातला, कधी आठला, कधी ‘उद्या डबल करू’ म्हणालात, तर त्या खुर्चीपर्यंत काहीही पोचत नाही. म्हणून म्हणते, छोटा धरा. मोठा धरला की मोडतो. आणि मोडला की पहिल्यांदा कळतं ते त्यांनाच.

म्हणायचं काय, तर रामरक्षा. अडतीस श्लोक आहेत, सावकाश म्हटली तर दहा मिनिटं लागतात. मराठी घरांत तिन्हीसांजेला ती म्हटली जातेच, त्यामुळे निम्म्या लोकांना निम्मी पाठ असते. पण मी ती सुचवते ती दुसऱ्या कारणासाठी. तिच्यातलं कवच डोक्यापासून पायापर्यंत एकेक अवयव घेत खाली उतरतं, आणि मन भरकटत असेल तर त्याला धरायला ते शरीर मिळतं. ‘शिरो मे राघवः पातु’ म्हणताना डोक्यातली ती बंद पडलेली रक्तवाहिनी डोळ्यांसमोर आण. ‘जिह्वां विद्यानिधिः पातु’ला त्यांची जड झालेली जीभ. ‘करौ सीतापतिः पातु’ला चादरीवर पडून राहिलेला उजवा हात. ‘जानुनी सेतुकृत् पातु’ला तो गुडघा, जो फिजिओथेरपिस्ट रोज वाकवून बघतात. ‘पादौ विभीषणश्रीदः’पर्यंत पोचलास की काकांना तू नखशिखांत एकदा पाहिलेलं असतं. कुणी विचारेल की ‘मे’ म्हणजे माझं, मग दुसऱ्यासाठी म्हणताना शब्द बदलायचा का? नाही. श्लोकाला हात लावायचा नाही. कुणासाठी म्हणतोय ते पहिल्या दिवशी संकल्पात सांगायचं, तेवढं पुरतं.

संकल्प साध्या मराठीत कर. ‘आजपासून एकवीस दिवस, रोज सात वाजता, काकांच्या आरोग्यासाठी आणि काकूंना बळ मिळावं म्हणून आम्ही रामरक्षा म्हणू.’ एकवीस का, तर शेवट दिसत असला की माणूस टिकतो. ‘काका बरे होईपर्यंत’ असं कधीही बोलू नका. अर्धांगवायूतून माणूस उठायला महिने लागतात, आणि काही जण पूर्ण उठत नाहीत. एकवीस झाले की पुन्हा एकवीस धरा.

वीस मिनिटांची मांडणी अशी. सातला समई किंवा साधी पणती. एक मिनिट शांत बसायचं, कारण माणसं जिने चढून आलेली असतात आणि श्वास लागलेला असतो. मग रामरक्षा. मग एक मागणं, तेही एकानेच बोलायचं. मग पसायदान, नऊ ओव्या, तीन मिनिटं. मग घरी. चहा ठेवायचा नाही. चहा आला की यजमानाला तयारी आली, बिस्किटं आली, गप्पा आल्या, आणि आठवड्यात निम्मे लोक गळतात.

जागा कुणाचीही चालेल, काकूंची सोडून. त्यांच्या बंद दारासमोर चटया टाकू नका. त्या कधी थकून परत येतील आणि दारात दहा जोडी चपला पाहून त्यांना हसून बोलावं लागेल.

म्हणताना काय बिघडतं तेही लिहून ठेव. पहिलं म्हणजे वेग. पाठ असलेली माणसं धावतात, पुस्तकात बघणारी मागे राहतात, दहाव्या श्लोकाला दोन तट पडतात. एकानेच पुढे म्हणायचं, प्रत्येक चरणाला किंचित थांबायचं आणि सुरुवात खालच्या पट्टीत करायची. दुसरं, निरनिराळ्या पुस्तिका. त्यांत छापण्याच्या चुका वेगळ्या, संधी तोडण्याची पद्धत वेगळी. सगळ्यांकडे एकच प्रत असू दे. तिसरं, ध्वनिवर्धक. रात्री दहानंतर तो कायद्यानेच बंद असतो, पण मी म्हणते संध्याकाळीही नको. शेजारच्या विंगेत एखाद्याची परीक्षा असेल. काकांसाठी म्हटलेल्या रामरक्षेला कुणी शिव्या द्याव्यात असं वाटतं का तुला?

मुलाला तिकडून सामील व्हायचं असेल तर आपल्याकडे संध्याकाळचे सात म्हणजे त्याच्याकडे उन्हाळ्यात सकाळचे साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेआठ. त्यांची घड्याळं मार्च आणि नोव्हेंबरमध्ये बदलतात, तेव्हा त्याला आठवण कर. व्हिडिओवर एकत्र म्हणायला जाऊ नका. आवाज मागेपुढे पोचतो आणि सगळा गोंधळ होतो. इथला आवाज चालू, त्याचा बंद, आणि तो तिथे आपल्यापुरतं म्हणेल. मागणं मात्र रोज त्याला बोलू द्या. हजारो मैलांवर बसलेल्या मुलाला बापासाठी करता येण्यासारखं फार थोडं असतं. तेवढं त्याच्याकडून काढून घेऊ नका.

हे सगळं सुरू करण्याआधी काकूंना विचार. हे आधी लिहायला हवं होतं, कारण लोक नेमकं हेच विसरतात. दहा माणसांत विचारू नकोस. तिथे ‘नको’ म्हणता येत नाही. एकटा जा आणि सरळ सांग. ‘काकू, आम्ही पाच जण रोज सातला काकांसाठी रामरक्षा म्हणावी म्हणतो. तुम्हाला चालेल ना? तुम्ही यायचं नाही, काही आणायचं नाही. आणि तब्येतीचं लोकांना काय सांगायचं तेवढं सांगा, त्यापुढे एक शब्द आम्ही बोलणार नाही.’ त्या गप्प राहिल्या तर होकार धरू नकोस. दोन दिवस जाऊ दे. नकोच म्हणाल्या तर आपापल्या घरी म्हणा. त्याला परवानगी लागत नाही आणि त्याचा गाजावाजाही होत नाही.

बातमीचं पथ्य कडक पाळ. प्रार्थनेला माणसं जमतात आणि पहिली दहा मिनिटं ‘एमआरआयमध्ये काय आलं’, ‘बिल किती झालं’, ‘मुलगा येणार नाही का’ यात जातात. काकूंनी सांगायला दिलेलं एकच वाक्य तू बोलायचं, मागण्याच्या वेळी, आणि पुढे पसायदान सुरू करायचं. रिपोर्टचा फोटो ग्रुपवर टाकायचा नाही, काकांचा नळ्या लावलेला फोटो तर नाहीच. त्या माणसाने आयुष्यभर इस्त्रीचा शर्ट घातल्याशिवाय खाली पाऊल टाकलं नाही, हे तूच लिहिलं आहेस.

मागणं कसं असावं? उद्याचं असावं. ‘काका पूर्ण बरे होऊ देत’ हे रोज म्हणून आठव्या दिवशी पोकळ होतं. त्यापेक्षा उद्या काय आहे ते बघ. उद्या गिळण्याची तपासणी आहे, ती नीट पार पडू दे. काकूंना आज रात्री चार तास झोप लागू दे. रात्रपाळीच्या नर्सबाईंचा हात हलका असू दे. असं मागितलं की दुसऱ्या दिवशी तपासणीचं काय झालं ते विचारावंच लागतं, आणि विचारलं की काहीतरी करायला जावं लागतं.

आता तुझा तो अभ्यास. तो मला ठाऊक आहे. हर्बर्ट बेन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा, २००६ साली प्रसिद्ध झालेला. सहा रुग्णालयांतले हृदयाच्या बायपासचे १,८०२ रुग्ण, त्यांचे तीन गट. प्रार्थना होईल की नाही हे माहीत नसलेल्या दोन गटांत, प्रार्थना झालेल्यांपैकी ५२ टक्क्यांना गुंतागुंत झाली, न झालेल्यांपैकी ५१ टक्क्यांना. म्हणजे फरक नाहीच. आणि आपल्यासाठी प्रार्थना होणारच हे ज्यांना माहीत होतं, त्यांच्यात ५९ टक्के. तू हे पाठवून विचारतोस, मग कशाला करायचं?

अरे, त्या अभ्यासात प्रार्थना करणारे कोण होते तेही वाच ना! दूरच्या प्रार्थनागटांतली अनोळखी माणसं. त्यांना रुग्णाचं पहिलं नाव आणि आडनावाचं एक अक्षर दिलेलं होतं, वर मागणीचं एक ठरावीक वाक्य. चौदा दिवस. रुग्णाचं दार त्यांना माहीत नव्हतं, त्याची बायको माहीत नव्हती, त्याला डबा कोण देतं ते माहीत नव्हतं. प्रार्थनेने रक्तवाहिनी उघडते का, हे तो अभ्यास मोजत होता, आणि त्याचं उत्तर मी मान्य करते. मी काही तुला रक्तवाहिनी उघडायला बसवत नाहीये. रक्तवाहिनीसाठी न्यूरॉलॉजिस्ट आहेत. मी तुला तुझ्या शेजाऱ्यासाठी सातला बसवते आहे, म्हणजे सव्वासातला तुला त्याची आठवण असेल. ‘ऐसी कळवळ्याची जाती, करी लाभाविण प्रीती’ असं तुकोबा म्हणतात. त्यात टक्के मोजायची सोय नाही. तुझा विश्वास आहे की नाही हे मी विचारलेलं नाही आणि विचारणारही नाही. सातला खाली ये.

मात्र त्या ५९ टक्क्यांतून एक गोष्ट घे. तसं का झालं ते अभ्यासाने ठरवलं नाही, पण रुग्णावर ओझं टाकू नये एवढं शहाणपण आपल्यापाशी असायला हरकत नाही. ‘काका, सगळी बिल्डिंग तुमच्यासाठी बसते आहे, आता तुम्हाला उठायलाच पाहिजे’ असं खाटेपाशी कुणीही बोलायचं नाही. उठणं त्यांच्या हातात नाही. न उठल्याचा अपराध मात्र त्यांच्या माथी बसतो.

रुग्णालयात जायची पाळी आली तर हे नीट वाच, कारण इथे भक्तीने माणूस दगावू शकतो. अर्धांगवायूत बऱ्याचदा गिळण्याची ताकद जाते. पाणी अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत उतरतं आणि न्यूमोनिया होतो. नाकातून नळी घातलेली असते ती त्यासाठीच. अशा माणसाच्या तोंडात चमचाभर तीर्थ घालायचं नाही. चार थेंबही नाहीत, गंगेचं असलं तरी नाही. तीर्थ काकूंना द्या. अंगारा लावायचा तर बोटाच्या टोकाने कपाळावर, टाक्यांच्या किंवा सलाईनच्या सुईच्या आसपास नाही. प्राणवायू चालू असलेल्या खोलीत निरांजन, उदबत्ती, कापूर काहीच पेटवायचं नाही. कानाशी मोबाइल ठेवून चोवीस तास स्तोत्र लावून ठेवायचं नाही. त्यांना झोपेची गरज आहे आणि तो आवाज बंद करा असं सांगायला त्यांच्याकडे वाचा नाही. पाच मिनिटं, हळू आवाजात, आणि आधी नर्सना विचारून. बेशुद्ध दिसणाऱ्या माणसालाही ऐकू येत असू शकतं, तेव्हा खाटेपाशी ‘यापेक्षा सुटले तर बरं’ असलं काही पुटपुटायचं नाही.

याच अंगाने आणखी तीन गोष्टी सांगते, कारण शेजारी फक्त काकाच नसतात. डायलिसिसवर असलेल्या माणसाकडे प्रसादाचं नारळपाणी, केळी, सुका मेवा नेऊ नये. त्यातलं पोटॅशियम शरीराबाहेर जात नाही आणि हृदयाची लय बिघडू शकते. केमोथेरपी चालू असून पांढऱ्या पेशी उतरलेल्या असल्या तर पंचामृत, कापलेली फळं, हारफुलं बाहेरच ठेवायची. शस्त्रक्रियेच्या आधी उपाशी ठेवलेल्या माणसाला प्रसादाचा कणही नाही. शिऱ्याच्या एका घासापायी शस्त्रक्रिया पुढे ढकलावी लागते.

काका घरी आले की नेम बदलायचा नाही, जागा बदलायची. काकूंना चालणार असेल तर आठवड्यातून एकदा, दोघांनीच त्यांच्या खोलीत म्हणायचं. इथे एक फार महत्त्वाची गोष्ट आहे. मेंदूच्या डाव्या बाजूला झटका आला की उजवं अंग आणि वाचा दोन्ही जाऊ शकतात, पण लहानपणापासून घोकलेलं, चालीत बसलेलं बऱ्याचदा शाबूत राहतं. ज्यांना स्वतःचं नाव सांगता येत नाही, पाणी मागता येत नाही, ते चालीबरोबर अख्खा चरण म्हणून जातात. काकांचे ओठ ‘राम रामेति’ला हलले तर म्हणणं थांबवू नका, त्यांच्याकडे टक लावून बघू नका, ‘काका, पुन्हा म्हणा’ म्हणून परीक्षा घेऊ नका. त्याच गतीने, किंचित सावकाश, पुढे जा. झालं की काकूंना सांगा आणि वाचाउपचार करणाऱ्या बाईंना कळवायला लावा. त्या याच धाग्याने काम पुढे नेऊ शकतात. आणि काका मध्येच रडायला लागले तर घाबरून कार्यक्रम गुंडाळू नका. झटक्यानंतर रडू आवरण्याची ताकद कमी होते. त्याचा अर्थ दर वेळी दुःख असतोच असं नाही. थांबा, पाणी काकूंना द्या, पुसायला रुमाल द्या, आणि थोड्या वेळाने उरलेलं म्हणा. दहा मिनिटांवर एक मिनिटही नको. ते थकतात.

त्या दहा मिनिटांत दुसऱ्या एकीने काकूंना बाहेर न्यावं. देवळात, भाजीला, नाहीतर नुसतं गच्चीवर. आडव्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. ते काम काकू दिवसरात्र करत असतात. रात्रीच्या एखाद्या पाळीला तुमच्यापैकी कुणी तरुण गेलं आणि नर्सकडून पद्धत शिकून घेऊन त्याने कूस बदलली, तर ती त्या दिवशीची रामरक्षाच समज. पण तरी सातला बस. एकाच्या बदल्यात दुसरं करायचं नाही.

विधी सुचवणाऱ्यांपासून काकूंना जपायचं कामही तुझंच. कुणी लघुरुद्र सांगेल. अकरा एकादशन्या, म्हणजे रुद्राची १२१ आवर्तनं. अकरा ब्राह्मण, त्यांची दक्षिणा, भोजन. कुणी त्र्यंबकेश्वरला नारायण नागबळी सांगेल, तो तीन दिवसांचा. ज्यांची श्रद्धा आहे त्यांनी स्वतःच्या खर्चाने, काकूंना विचारून, अवश्य करावं. पण ज्या बाईने परवा रुग्णालयात अनामत भरायला अंगठी मोडली तिला ‘तुमच्याकडून काहीतरी राहिलंय’ असं सांगणं म्हणजे जखमेत बोट घालणं आहे. आणि औषध बंद करून अमुक बाबांकडे न्या म्हणणारा कुणी आला तर त्याला जिन्यातच थांबव. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आपल्या राज्यात आहे, याची आठवण त्याला करून दे.

शेजारी दुसऱ्या धर्माचे असले तर काय, हेही तू विचारलं आहेस. नेम तोच, शब्द त्यांचे. वसईकडच्या कॅथलिक घरात रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, चालू असेल तर मागे शांत बसावं. दहा दहा ‘नमो मारिया’चे पाच टप्पे असतात, साधारण वीस मिनिटं. प्रॉटेस्टंट घरात ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे’ हे स्तोत्र त्यांच्याबरोबर वाचावं. मुसलमान शेजाऱ्याला ‘दुवा करतो’ म्हणावं आणि भेटायला जावं. आजाऱ्याची विचारपूस हे त्यांच्याकडे पुण्याचं काम आहे, आणि ती आटोपशीर असावी असं तेही मानतात. बौद्ध घरात त्रिशरण-पंचशील होत असेल तर हात जोडून उभं राहावं. तिथे रामरक्षा घेऊन जाऊ नये. आणि जो देव मानत नाही त्याच्यासाठी आपल्या घरी म्हणावं, त्याला सांगू नये, डबा मात्र वेळेवर न्यावा. वेळेवर!

आता पसायदानानंतरचं एक मिनिट. त्यात एकच प्रश्न विचारायचा, उद्या डबा कोण नेणार आणि रात्री सोबत कोण थांबणार. दोन नावं, तिथल्या तिथे. डबा साधा असावा, पोळी-भाजी आणि ताक, कारण रुग्णालयाच्या बाकावर चार वाट्या मांडता येत नाहीत. रिकामा डबा त्यांनी घासून परत करायची वाट बघू नका, नेणाऱ्यानेच आदला डबा उचलून आणायचा. पैशाची अडचण असेल तर त्याचाही माग काढा. महाराष्ट्रात धर्मादाय रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. तिथल्या वैद्यकीय समाजसेवकाला भेटायचं, शिधापत्रिका आणि तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला बरोबर न्यायचा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत रुग्णालय असेल तर आरोग्यमित्र, म्हणजे त्या योजनेचे मदतनीस, कुठे बसतात ते विचारायचं. ही चौकशी काकूंच्याने होणार नाही. गाडगेबाबा जन्मभर ‘गोपाला गोपाला’ करत कीर्तन करत फिरले आणि देवळं न बांधता धर्मशाळा बांधल्या. परळच्या टाटा रुग्णालयात गावाहून येणाऱ्या रुग्णांना त्यांच्या नावाची दादरची धर्मशाळा आजही आसरा देते. प्रार्थना आणि काम यांत तू जी भिंत घालून बसला आहेस, ती त्यांना दिसलीच नव्हती.

काका गेले तर? हे लिहायलाच हवं. त्या रात्री नेम मोडू नका. सुतकात त्या घरचे लोक दहा दिवस देवपूजा करत नाहीत, चूलही पहिल्या दिवशी पेटत नाही. पिठलं-भात शेजारून जातो. तुम्ही सातला आपल्या जागी बसा. रामरक्षेऐवजी काकूंना विचारून गीतेचा पंधरावा अध्याय घ्या, वीस श्लोक, पाच-सहा मिनिटं, आणि पसायदान तसंच ठेवा. मागणं आता काकूंसाठी. तेराव्यापर्यंत घर भरलेलं असतं. खरी गरज त्यानंतर लागते, दीड-दोन महिन्यांनी, नातेवाईक परतलेले, मुलगा परत गेलेला, बँकेचे आणि वारसाचे कागद पडलेले. तेव्हा रोज नको, पण आठवड्याचा एक वार ठरवा, समज गुरुवार, सातला. तोही चुकवायचा नाही.

दिवस चुकलाच तर दुसऱ्या दिवशी दोनदा म्हणून भरपाई करायची नाही. चुकला तो चुकला, उद्या सातला बसायचं. गावाला गेलास तर गाडीत, उभ्याने, मनातल्या मनात म्हण. फक्त घड्याळ पाहून.

काकूंशी बोलणं झालं की मला कळव. मोठ्या टाइपातल्या रामरक्षेच्या सहा प्रती काढून ठेवल्या आहेत, सगळ्या एकाच छपाईच्या. शनिवारी कुणाला तरी पाठव घ्यायला. पुढे म्हणायला तुमच्याकडे कुणाचा आवाज खालचा आणि सावकाश आहे ते आधी बघून ठेव. ज्यांना सगळी पाठ आहे त्यांना पुढे बसवू नकोस, ते धावतात.

तुझी,
मावशी